हौदातली संध्याकाळ

शुक्रवारी सकाळी मी आमच्या ह्यांच्या सदऱ्यावरचा वाइनचा डाग काढायला घेतला, आणि डागाबरोबर गुरुवारची संध्याकाळ निघून बादलीत आली.

यात नवल काही नाही. सुती कापडातून डाग निघतो तेव्हा तो पडला ती वेळही निघते. टेरिकॉट काही धरून ठेवत नाही. रेशमातून निघतं ते निम्मं खोटं असतं. सूत मात्र सगळं पिऊन बसतं. पंगतीतला रस्सा, बारशातली हळद, भांडणात भिरकावलेला चहा, सगळं आमच्या लाँड्रीत येतं, पाण्यात उतरतं आणि मोरीतून वाहून जातं. ज्याचा कपडा त्याच्याकडे ती वेळ मग उरत नाही. गिऱ्हाईक कपडा उजेडात धरून बघतं, मान डोलावतं आणि घरी जातं. तक्रार घेऊन आजवर कुणी परत आलेलं नाही.

माझे सासरे, म्हणजे मामंजी, यांनी मी या घरात आले त्या आठवड्यातच मला दोन गोष्टी शिकवल्या होत्या. एक, पाणी मोरीत आणि नजर भिंतीवर. लोकांच्या वेळा आपण बघायच्या नाहीत. दुसरी, एकाच पेल्यातून सांडलेले दोन डाग एका पाण्यात भिजवायचे नाहीत. का, ते मी विचारलं नाही. नव्या सुनेनं किती विचारायचं! मामंजी गेले, पण सतरा वर्षं मी दोन्ही गोष्टी पाळल्या. मोरीसमोरच्या भिंतीचा पोपडा न् पोपडा मला पाठ आहे.

आमचे हे, मुरलीधर, दुकानात पुढे इस्त्रीला उभे असतात आणि मी मागे अंगणात हौदाशी. सकाळी आठपासून आमच्यात एक दार असतं आणि दार उघडं असतं. पण बोलणं म्हणाल तर माणसाची दिवसाला चार वाक्यं. 'नळ आला.' 'वीज गेली.' 'वाढ आता.' चौथ्याची मी वाट बघते. कधी येतं, कधी नाही येत. मी एकटीच दोघांचं बोलत असते. शेजारीण म्हणते, कावेरी, तुझं घर बाहेरून ऐकलं की वाटतं, आत रेडिओ लावलाय. मी हसून घेते.

तर गुरुवारची गोष्ट. नाशिकबाहेर द्राक्षांच्या मळ्यात एक वायनरी आहे. तिथल्या हॉलचे टेबलक्लॉथ आणि रुमाल आमच्याकडे येतात. दर गुरुवारी हे धुतलेला गठ्ठा स्कूटरवरून पोचवतात आणि मळका गठ्ठा घेऊन तासाभरात परत येतात. त्या गुरुवारी आठ वाजून गेले तरी पत्ता नाही. आले ते डाव्या छातीवर पुरीएवढा लालभडक डाग घेऊन. मी विचारलं, हे काय? 'पेला कलंडला,' हे म्हणाले. त्या दिवसाचं चौथं वाक्य ते. ज्या माणसाला आंबट द्राक्षसुद्धा सोसत नाही, त्याच्या छातीजवळ पेला आला कुठून, हे मला कोण सांगणार?

शुक्रवारी सदरा पाण्यात घातला. पाणी गुलाबी झालं, मग जांभळट, आणि तळाशी काहीतरी हललं. मी भिंतीकडे बघायला हवं होतं. भिंतीकडे बघितलं नाही. बाई गं, मी सरळ बादलीत वाकून बघितलं.

बादलीत एक ओसरी होती. पलीकडे द्राक्षांच्या ओळी, आणि बादलीच्या काठाला टेकलेलं ऊन. हे स्वतः दिसत नव्हते, कारण सदरा ह्यांचा, म्हणजे दिसणार ते ह्यांनी बघितलेलं. समोर टेबलापलीकडे एक बाई बसली होती. चाळिशीची, खांद्यापर्यंत कापलेले केस, पांढरी सुती साडी, निळी बारीक किनार. कोपर टेबलावर, गाल तळहातावर, आणि ऐकत होती. अलीकडून दोन हात येत होते, ते ह्यांचे. ते हात हवेत काहीतरी दाखवत होते. ही एवढी उंची. हा असा फाटा. मग दोन्ही हातांनी काहीतरी गदागदा हलवलं, पेला कलंडला, बाई दचकून उठली, पुन्हा बसली आणि हसली. मग हात पुन्हा बोलायला लागले, आणि थोड्या वेळानं बाईनं डोळे पुसले.

ह्यांचा आवाज नव्हता. बाईचे एक-दोन शब्द वर येत, त्यांवरून काही कळत नव्हतं. सदरा छातीवर असतो, त्याला स्वतःचं बोलणं ऐकू येत नाही. बोलणं ऐकणाऱ्याच्या कपड्यात जातं.

मी पुन्हा बघितलं. तिसऱ्यांदा बघितलं. ह्यांनी तिला हात लावला असता तर एक वेळ मी समजले असते. चार शिव्या दिल्या असत्या, आठ दिवस माहेरी गेले असते, भाऊजयीचं तोंड बघून कंटाळून परत आले असते. पण हे बोलत होते. अर्धा तास, हातवारे करून, त्या केस कापलेल्या बाईशी बोलत होते. मी सतरा वर्षं चौथ्या वाक्यासाठी ताटकळले, आणि हिला अख्खा अर्धा तास. पोटात जे पेटलं त्याला मत्सर म्हणतात हे मला ठाऊक आहे, दुसरा शब्द शोधायची गरज नाही.

वाइनचा डाग कधी चोळायचा नसतो. टिपायचा. मीठ टाकायचं, थंड पाणी, मग कापड पातेल्याच्या तोंडावर ताणून बांधायचं आणि हातभर उंचीवरून उकळतं पाणी ओतायचं. उरलं तर व्हिनेगर. हे मी झोपेत करते. त्या दिवशी मात्र मी सदरा दोन्ही मुठीत धरला आणि घासला, घासला, जसं काही त्या बाईचं हसूच घासून काढते आहे. डाग पसरला. पुरीचा भाकरीएवढा झाला. आणि संध्याकाळही पसरली. अर्ध्या तासाची तासाभराची झाली, तासाभराची दोन तासांची. बादलीत मावेना म्हणून मी ती टबात ओतली. टबातून उतू जायला लागली म्हणून हौदात सोडली. हौद आमचा मोठा आहे, मामंजींच्या वेळचा, चार माणसं आत उभी राहतील एवढा. तो काठोकाठ भरला. ओसरी आता भिंतीपासून भिंतीपर्यंत आली होती, आणि संध्याकाळ शेवटाला गेली की पुन्हा सुरुवातीला यायची. पुन्हा ती उंची, पुन्हा तो फाटा, पुन्हा पेला.

सदरा मी दोरीवर टाकला. डाग फिका झाला होता, पण गेला नव्हता. निम्मी संध्याकाळ हौदात आणि निम्मी कापडात. म्हटलं, दुपारी उकळतं पाणी ओतू आणि एकदाचा सोक्षमोक्ष लावू. तेवढ्यात पुढे कुणी परकर घेऊन आलं, मी गेले, कपडे मोजून घेतले, परत आले तर दोरीवर सदरा नाही. पुढच्या खोलीत वाफ निघत होती. ह्यांनी तो ओलाच इस्त्रीखाली घेतला होता.

आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही माहीत असतं, की डागावर इस्त्री फिरली की डाग पक्का. मग सोडा घाला, लिंबू चोळा, देव पाण्यात ठेवा, जात नाही. चोवीस वर्षं इस्त्री धरणारा माणूस डागावरून इस्त्री फिरवतो ती चुकून फिरवत नाही.

"डागावर इस्त्री फिरवली तुम्ही," मी म्हटलं.

"सुरकुत्या होत्या," हे म्हणाले.

ह्यांनी गरम सदरा अंगात घातला आणि वरचं बटण लावलं. डाग तपकिरी होऊन छातीवर बसला होता. त्या दुपारी ह्यांनी वाढ म्हटलं नाही. मीच वाढलं, हे जेवले, आणि सगळा वेळ माझ्या डोक्यावरून पलीकडे बघत होते. पलीकडे आमचा फळीवरचा डबा होता, दुसरं काही नव्हतं.

शनिवारपासून अंगणात साडेसहाच वाजलेले राहायला लागले. पुढे दुकानात ऊन, रस्त्यावर रिक्षा, दुपारची शाळा सुटलेली. आणि दार ओलांडून मागे आलं की कलतं ऊन आणि द्राक्षांचा वास. कपडे वाळेनात. साडेसहाच्या उन्हात काय वाळणार, माझं कपाळ? हौदाच्या पाण्यात काही भिजवायची सोय नव्हती, कारण जे भिजवावं त्याला तोच रंग चढे. डॉक्टरीणबाईंच्या उशीच्या अभ्र्यावर ओसरीचा खांब उमटला. मी तो तसाच घडी करून फडताळात लपवला. नळाखाली बादलीत जेवढं होईल तेवढं धुवत होते, पण ओल्या कपड्यांचे ढीग वाढत गेले. भिंतीशी एक, दाराशी एक, मग मधोमध. रविवारी मला हौदापर्यंत जायला आडवं होऊन जावं लागलं. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, त्यात दोन लग्नांच्या बैठकीच्या चादरी आल्या.

हौद रिकामा करायला काय लागतं? तळाशी एक बूच आहे, ओढलं की झालं. मी तीनदा बाही वर करून हात घातला. तिन्ही वेळा हात बुचाला लावला आणि तसाच राहिला, कारण वर ती बाई डोळे पुसत होती. हिला रडू येईल असं काय सांगितलं ह्यांनी? ते ऐकल्याशिवाय मी ओतून द्यायचं? एवढी मी साधी नाही.

सोमवारी अकरा वाजता ती स्वतः आली.

दुकानाच्या पायरीवर उभी राहिली तेव्हाच मी ओळखली. तेच केस, तोच गाल. नाव सबनीस, वायनरीच्या हॉलचं सगळं बघते, हे तिनं स्वतःच सांगितलं. हे इस्त्रीशी उभे होते, अंगात तोच सदरा, आज चौथा दिवस. तिनं ह्यांना, काय मुरलीधरभाऊ, बरं आहे ना, असं विचारलं, जसं कुणीही कुणालाही विचारतं. ह्यांनी मान हलवली. मग पिशवीतून तिनं पांढरी साडी काढून माझ्यापुढे ठेवली. निऱ्यांवर लाल डाग होता, चांगला मोठा, मीठ न टाकता चार दिवस तसाच सुकू दिलेला.

"ताई, हा पूर्ण काढा. मागमूस राहायला नको," ती म्हणाली. "उद्या पाहुणे आहेत, मला हीच नेसायचीय."

एवढंच. तिच्या मनात दुसरं काही नव्हतं. डाग आहे, काढायचा, नेसायची. संध्याकाळी येते म्हणाली आणि गाडीत बसून गेली.

मला आनंद व्हायला हवा होता. देवानं सवत आणून माझ्या दारात ठेवली आणि म्हणाला, घे, तुझ्या हातानं पुसून टाक. पण झालं उलटंच, माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझ्या नवऱ्यानं छातीवर पक्की करून ठेवलेली संध्याकाळ, चार दिवस अंगावरून न उतरवलेली, आणि हिला ती एका धुण्यात नको! माझ्या माणसाचं बोलणं इतकं स्वस्त आहे का? मला मिळालं असतं तर मी काय केलं असतं! मला तिचा राग आला, ह्यांची कीव आली, आणि पुन्हा राग आला, यावेळी कुणाचा ते कळलं नाही.

ह्यांनी इस्त्री उभी करून ठेवली होती.

"त्या साडीला हात लावू नकोस," हे म्हणाले.

"त्यांची साडी आहे. त्यांना डाग नकोय."

"माहीत आहे."

"मग?"

ह्यांनी इस्त्री पुन्हा हातात घेतली. मी साडी उचलली आणि आडवी होत ढिगांमधून हौदाशी गेले.

करायला हवं होतं ते असं. वेगळी बादली, मीठ, थंड पाणी, उकळतं पाणी, व्हिनेगर, मोरी, भिंत. अर्ध्या तासाचं काम. सबनीसबाईकडे काही उरलं नसतं, आणि ह्यांच्याकडे जे उरलं असतं त्याला दुसरीकडून आधार नसता, ते हळूहळू विटलं असतं. तेरड्याचा रंग तीन दिवस. पण बोलणं ऐकणाऱ्याच्या कपड्यात जातं. ह्यांचं सगळं बोलणं माझ्या हातातल्या या निऱ्यांत होतं. मामंजींची दुसरी गोष्ट मला चांगली आठवत होती. आठवत असतानाच मी साडी हौदात सोडली.

पाणी एकदम थांबलं. मग ह्यांची आणि तिची, दोन्ही बाजू एकमेकींना चिकटल्या, आणि हौदातून ह्यांचा आवाज वर आला.

आता हे दिसतही होते, तिनं बघितलेले. काय सांगू, मी हा चेहरा बघितलाच नव्हता. भुवया वर जात होत्या. गालात खळगा पडत होता. बोलताना हा माणूस मध्येच थांबून समोरच्याला वाट बघायला लावत होता, आणि ते त्याला आवडत होतं. मी काठावर बसले आणि ऐकलं.

हे एका मुलीबद्दल सांगत होते. मुलगी बघायला म्हणून मामंजींबरोबर दिंडोरीकडच्या एका गावी गेले होते, आणि मुलगी घरात नव्हती. मोठी माणसं बोलत बसली, हे मळ्याकडे फिरायला निघाले. विहिरीपलीकडे जांभळाचं झाड होतं, ही एवढी उंची, आणि खाली पांढऱ्या सुती ड्रेसमधली एक मुलगी, जीभ जांभळी झालेली. तिनं ह्यांना ओळखलं नाही. म्हणाली, अहो, तुमचा हात पुरतो, तो फाटा हलवा की. ह्यांनी गदागदा हलवला. इथं पेला कलंडला. सगळं झाड दोघांच्या अंगावर आलं, आणि ती इतकी हसली की खालीच बसली. मग जांभळं वेचता वेचता तिनं ह्यांना सगळं सांगून टाकलं. आज मला बघायला येणार आहेत. नाशिकचा परीट आहे. दिसायला कसाही असो, फक्त मुका नसला म्हणजे झालं, माझं एकटीनं बोलून बोलून तोंड दुखतं. हे काही बोलले नाहीत. तिनं आणखी बोलावं असं ह्यांना वाटत होतं. आपण कोण ते सांगायचं राहिलं. आयुष्यात इतका आनंद पुन्हा कधी झाला नाही, असं ह्यांनी सबनीसबाईला सांगितलं.

"मग?" सबनीसबाईनं विचारलं.

"लग्न झालं. मी पहिल्या दिवशी विचारलं, जांभळं आवडतात का. ती म्हणाली, नको बाई, डाग पडतात." हे थांबले. "मी समजलो. तिनं त्याच संध्याकाळी ड्रेस धुतला होता. धुऊन गेलेल्याबद्दल आमच्यात विचारत नाहीत."

"म्हणजे त्यांना हे माहीतच नाही?"

"घरात आहे ती. पण ती मुलगी मला परत भेटली नाही."

सबनीसबाईनं डोळे पुसले. ऊन काठाला टेकलं, आणि संध्याकाळ पुन्हा सुरुवातीला आली.

मी डोकं गच्च धरून आठवायला बसले. त्या दिवशी सकाळी आईनं पोळ्या केल्या होत्या, ते आठवतं. संध्याकाळी मागच्या दगडावर मी एक पांढरा ड्रेस धुवत होते, आई ओरडत होती, पाणी जांभळं झालं होतं आणि मी शहाण्यासारखी भिंतीकडे बघत होते, तेही आठवतं. आम्हीही परीटच, माहेरीसुद्धा तीच रीत. मधलं काही नाही. पोळ्या आणि दगड यांच्यात नुसतं कोरं कापड.

सबनीसबाईचा राग गेला. तिची ती काय चूक, ती ऐकणारी. पण त्या मुलीचा मला असा मत्सर वाटला, की झिंज्या धरून तिला फरफटत आणावंसं वाटलं. काय केलं होतं तिनं? जांभळं खाल्ली आणि हसली. मी ह्या माणसाच्या घरी सतरा वर्षं हात सोलून घेतले, मामंजींचं दुखणं काढलं, आणि ह्यांच्या गालातली खळी तिच्या नावावर. ती मीच, हे मला कळत होतं. कळून काही उपयोग नव्हता.

म्हणून मी ठरवलं. तिथं जायचं, त्या टेबलाशी, त्या चेहऱ्यासमोर उभं राहायचं आणि म्हणायचं, अहो, ती मीच, इकडे बघा, मला सांगा. वाट मला माहीत होती. अंगावरची साडी सुती होती. मी पदराचं टोक हौदात बुडवलं. रंग चढायला लागला, आधी टोक, मग काठ, मग खांद्याकडे. तो खांद्याशी आला तेव्हा पाण्यातून ओसरीच्या फरशीचा गारवा माझ्या तळव्यांना लागला, मी अजून काठावरच बसलेली असताना.

"कावेरी."

दारात हे उभे होते, ढिगांपलीकडे. अंगात तो सदरा. ह्यांना इतका घाम आला होता की छातीवरचा डाग ओला दिसत होता.

"बाहेर ये. मी सांगतो तुला," हे म्हणाले. "सगळं सांगतो. इथं बस."

मी ह्यांच्याकडे नीट बघितलं. चेहरा इस्त्रीसमोरचा होता. भुवया जागच्या जागी. हाही सांगणार होता, पण असा, मान खाली घालून, चार चार शब्द तोडून, माझ्या भीतीनं. आणि खाली तो दुसरा हातांनी झाडाची उंची दाखवत होता. मला तो हवा होता. सतरा वर्षांनी मला उरलंसुरलं नको होतं.

"आत्ता?" मी म्हटलं, आणि हौदात उतरले.

पाणी गुडघ्यापर्यंत आलं आणि मग नव्हतंच, फरशी होती. द्राक्षांचा वास होता, कलतं ऊन होतं. मागे वळून बघितलं तर ओसरीचा खांब, आणि त्यामागे मळा, लांबपर्यंत. टेबलाशी दोघं बसली होती. मी जवळ गेले तेव्हा हे दोन्ही हातांनी तो फाटा हलवत होते. पेला कलंडला. थोडी वाइन ह्यांच्या छातीवर उडाली, थोडी तिच्या निऱ्यांवर, आणि बाकी सगळी पांढऱ्या टेबलक्लॉथवर पसरली. सबनीसबाई दचकून उठली, बसली, हसली.

मी ह्यांच्या अगदी समोर उभी राहिले. "अहो," मी म्हटलं. "ती मी."

आवाज निघाला नाही. त्या संध्याकाळी मी तिथं नव्हतेच, म्हणून दोघांपैकी कुणाच्याही कपड्यात माझं बोलणं नव्हतं. मी पुन्हा म्हटलं. ओरडून म्हटलं. घसा दुखला तेवढाच.

ह्यांनी मात्र माझ्याकडे बघितलं. खळीसकट, तोच चेहरा, जो बघायला मी आले होते. माझ्या पदरावरून, सोललेल्या हातांवरून ह्यांची नजर गेली आणि धुणं न्यायला आलेली कुणी बाई, एवढंच ह्यांना समजलं. पेला उचलून ह्यांनी बाजूला ठेवला.

"ताई, बरं झालं आलात," हे म्हणाले. "हा टेबलक्लॉथ तेवढा घेता का?"

मग हे सबनीसबाईकडे वळले.

"आणि ती इतकी हसली, इतकी हसली," हे सांगायला लागले, आणि बोलणं न थांबवता, मला कापड काढता यावं म्हणून, ह्यांनी टेबलावरचं कोपर उचललं.